ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचं क्राऊन-पिनियन बदलताना

ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर पिकअपमागे ट्रेलर दिसणं काही नवीन नाही. मंडपवाल्यांचे जनरेटर, रस्त्याच्या कामावरचे कॉम्प्रेसर, खाडीकाठच्या बोटी, अलीकडे खाण्याचे फिरते स्टॉल. पाम बीच रोडच्या सपाटीवर गाडी हे सगळं मुकाट्याने ओढते. मुंब्रा बायपासचा चढ किंवा घोडबंदरवर गायमुखचा घाट लागला की खरी परीक्षा सुरू होते. तिसऱ्यात गाडी गुदमरते, दुसऱ्यात इंजिन ओरडतं, मागचे हॉर्न थांबत नाहीत आणि चढावर गाडी उठवताना क्लच प्लेटचा जळका वास येतो. मग कोणीतरी सांगतं, "मागचं क्राऊन-पिनियन बदल, गाडी पळेल."

हा सल्ला बरोबर आहे, पण त्यात निम्मंच सांगितलेलं असतं. ट्रेलर ओढण्यासाठी या बदलाइतका दांडगा फरक पाडणारं दुसरं यांत्रिक काम क्वचितच असेल. मात्र तेच काम घाईत झालं तर महिनाभरात मागून रडका आवाज सुरू होतो आणि नवा संच भंगारात जातो. तो वाचतो की जातो, हे सगळं सेटिंगवर ठरतं. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांनी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून नेमकं काय बघायचं, ते इथे लिहितो आहे.

आत काय चालतं

गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या लोखंडी घरात, एका छोट्या गिअरला फिरवतो. हा टेल पिनियन. तो मोठ्या चकतीसारख्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे अ‍ॅक्सलचं गुणोत्तर. ४१ आणि ११ दातांचा संच असेल तर ३.७३, ४१ आणि १० असेल तर ४.१०, ४१ आणि ९ असेल तर ४.५६. आकडा जितका मोठा, तितके शाफ्टचे जास्त फेरे चाकाच्या एका फेऱ्याला लागतात आणि तितकाच चाकावरचा जोर वाढतो. ३.७३ वरून ४.१० वर गेलात तर प्रत्येक गिअरमध्ये जोर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. ४.५६ वर गेलात तर सुमारे २२ टक्क्यांनी. इंजिनला हात न लावता.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. त्याच वेगाला इंजिन जास्त फेरे घेतं, म्हणजे रिकाम्या गाडीने महामार्गावर जाताना आवाज आणि डिझेल दोन्ही वाढतं. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दात कमी झाले की पिनियनचं डोकं लहान होतं, आणि लहान पिनियन मोठ्यापेक्षा कमी ताकदीचा असतो. म्हणून सर्वांत मोठा आकडा मिळेल तो बसवा, हा विचार ट्रेलरवाल्याने तरी करू नये.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण जिवाशी खेळ इथेच होतो. क्राऊन-पिनियन बदलल्याने गाडीची ओढण्याची अधिकृत मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, चासी तीच, टायर तेच, हुक तोच. कंपनीच्या पुस्तकात ट्रेलरचं जे वजन दिलं आहे, ते बदलानंतरही तेवढंच राहतं. जड ट्रेलर हवा असेल तर मोठी गाडी घ्या.

आधी ठरवा, गरज आहे का

हाऊसिंगला हात लावण्याआधी टायर बघा. बऱ्याच पिकअपवर दिसायला भारदस्त म्हणून मूळ मापापेक्षा उंच टायर चढवलेले असतात. समजा गाडीला मूळ २३५/७५ आर १५ टायर होते, त्यांची उंची सुमारे ७३४ मिलिमीटर. त्यांच्या जागी ३१ इंची टायर बसवले तर उंची सुमारे ७८७ होते. मग ४.१० चा अ‍ॅक्सल रस्त्यावर ३.८२ सारखा वागतो. अशा गाडीला मूळ मापाचे टायर परत लावले की निम्मी तक्रार तिथेच मिटते, आणि तेही हाऊसिंगचा एक बोल्ट न सोडता.

मग क्लच, टर्बोचे पाइप, एअर फिल्टर, ब्रेकची घासण बघून घ्या. एखाद्या चाकाचा ब्रेक धरत असेल तर कुठलंही गुणोत्तर तुम्हाला वाचवणार नाही. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग आणि हवाही तपासा. जनरेटरचे ट्रेलर महिनोनमहिने एका जागी उभे असतात. त्यांचे बेअरिंग कोरडे पडलेले असतात आणि दोष मात्र पिकअपला लागतो.

एवढं सगळं ठीक असूनही घाटात एका गिअरमध्ये इंजिन दबतं आणि खालच्या गिअरमध्ये नुसतं ओरडतं, आणि तुमच्या कामाच्या दिवसांपैकी बरेचसे ट्रेलरसकट जातात, तर हा बदल तुमच्यासाठी आहे. महिन्यातून एखाद्या वेळी बोट बेलापूरच्या जेट्टीवर न्यायची असेल तर एक गिअर खाली ठेवून सावकाश जा. त्यासाठी अ‍ॅक्सल उघडायची गरज नाही.

सध्याचं गुणोत्तर कसं ओळखायचं

गाडीच्या प्लेटवर किंवा हाऊसिंगच्या बोल्टखाली अडकवलेल्या पत्र्यावर कधी कधी आकडा असतो. जुन्या गाडीत त्यावर विसंबू नका, कारण मधल्या मालकाने संच बदललेला असू शकतो. हाताने मोजा.

गाडी सपाट जागेवर लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्या, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक मोकळा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर कधीच खाली शिरू नका. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे सोबत्याला मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर घट्ट असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा, त्यामुळे शाफ्टचे जेवढे फेरे मोजाल तेच गुणोत्तर. पावणेचारच्या किंचित आत भरले तर ३.७३, चारच्या थोडंसं पुढे गेले तर ४.१०. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) बसवलेल्या गाडीला ही युक्ती चालत नाही.

कोणतं गुणोत्तर घ्यायचं

इथे कागद-पेन्सिल घ्या. हिशेब सोपा आहे. ताशी वेगाला १००० ने गुणा, ६० ने भागा, टायरच्या घेराने म्हणजे मीटरमधल्या परिघाने भागा, मग गिअरच्या आणि अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराने गुणा. उत्तर म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे.

वरच्या २३५/७५ आर १५ टायरचा घेर सुमारे २.३ मीटर. समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ आहे आणि घाटात ताशी ४० ने चढायचं आहे. ३.७३ ला इंजिन सुमारे १६२० फेरे घेईल, ४.१० ला सुमारे १७८०, ४.५६ ला सुमारे १९८०. आजकालच्या बहुतेक टर्बो डिझेलची खरी ताकद १५०० ते २८०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. ३.७३ वर तुम्ही त्या पट्ट्याच्या अगदी खालच्या काठावर असता. वळणावर वेग जरासा पडला की टर्बो झोपतो आणि दुसरा गिअर टाकावा लागतो. ४.१० ने थोडी हातची जागा राहते, ४.५६ ने भरपूर.

आता उलट बाजू बघा. पाचवा गिअर ०.८ चा धरला तर ताशी १०० ला ३.७३ वर सुमारे २१६० फेरे पडतात, ४.१० वर सुमारे २३८०, आणि ४.५६ वर सुमारे २६४०. रोज रिकाम्या गाडीने नाशिक महामार्गावर जाणाऱ्याला हा शेवटचा आकडा नकोसा होईल.

माझं मत विचाराल तर ठाण्यातून नवी मुंबईत आणि क्वचित कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात जाणाऱ्याने एकच पायरी वर जावं, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. गाडी आपलीच वाटते, फक्त हलकी झालेली. दोन पायऱ्या त्यांनी घ्याव्यात ज्यांची गाडी ट्रेलरशिवाय जवळजवळ निघतच नाही, किंवा ज्यांनी उंच टायर कायम ठेवायचे ठरवले आहेत.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सललाही तेच गुणोत्तर घालावं लागतं. पुढचं आणि मागचं वेगळं ठेवून फोर व्हील लावलं तर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारा गिअरबॉक्स) फुटते. म्हणजे खर्च आणि मेहनत जवळपास दुप्पट. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर आणखी एक प्रश्न आधी सोडवा. त्याचा कॉम्प्युटर मूळ गुणोत्तर धरून गिअर बदलतो. तो नव्या आकड्यावर आणून देणारा माणूस सापडल्याशिवाय सुटे भाग घेऊ नका.

सुटे भाग आणि कागदपत्रं

आपल्याकडे दुकानात जाऊन हवं ते गुणोत्तर उचलून आणता येत नाही. सरळ वाट ही की त्याच कुटुंबातल्या अ‍ॅक्सलचा, पण वेगळ्या गुणोत्तराचा कंपनीचा संच शोधायचा. एकाच कंपनीच्या सवारी गाडीत आणि माल गाडीत हाऊसिंग सारखं आणि दात वेगळे असं असू शकतं. चासी नंबर घेऊन अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवर जा आणि दोन्ही मॉडेलचे पार्ट नंबर काढून घ्या. क्राऊन ज्या केजवर बसतं ती केज दोन्ही गुणोत्तरांना चालते का, हे तिथेच विचारा. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक आकड्यानंतर केज बदलावी लागते, कारण लहान पिनियनपर्यंत पोचायला क्राऊनची बैठक सरकवावी लागते.

पैसे देण्यापूर्वी दात स्वतः मोजा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार होतात, आणि दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. हे क्रमांक जुळत नसतील तर दात कितीही चकचकीत असले तरी संच परत करा. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन घालून चालवलेली जोडी कधीच शांत चालत नाही.

संचाबरोबर पिनियनचे दोन्ही बेअरिंग, केजचे दोन्ही बेअरिंग, ऑइल सील, पिनियनचा नट, क्राऊनचे बोल्ट, दाबला जाणारा स्पेसर, शिमचा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच आणि पॅकिंग हे सगळं नवं घ्या. जुने बेअरिंग चांगले दिसतात म्हणून परत वापरायचा मोह होतो. ते वाचवून जेवढे पैसे राहतात, त्याच्या कितीतरी पट मजुरी पुन्हा उघडताना जाते.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करायला मनाई आहे. अ‍ॅक्सलचं गुणोत्तर आर.सी.वर छापलेलं नसतं, पण त्या भरवशावर राहू नका. गाडी एमएच-०४ असो वा एमएच-४३, आपापल्या आर.टी.ओ.त आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी आणि विमा लागतो. याकडे सर्रास दुर्लक्ष होतं आणि अपघातानंतर जन्मभर पुरतं.

काम कुठे, कोणाकडून

कळंबोलीचा ट्रक टर्मिनल परिसर, तुर्भे, वागळे इस्टेट, या पट्ट्यात हाऊसिंगचं काम करणारे भेटतात. गाडी सर्व्हिस करणारा आणि हाऊसिंग बांधणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हे आधी लक्षात घ्या. त्याच्याकडे गेलात की तीन वस्तू दाखवायला सांगा: डायल गेज (केसभर हालचाल मोजणारं), काट्याचा टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) आणि दातांना लावायचा रंग. ‘हाताच्या अंदाजाने करतो’ असं उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघा. ट्रकच्या जाड दातांना कदाचित अंदाज पुरत असेल, ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला पुरत नाही.

नवख्याने स्वतः काय करावं? तेल काढणं, चाकं आणि ड्रम उतरवणं, अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढणं, हाऊसिंग आतून धुणं, एवढं घरच्या आवारात दोघांत होतं. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये मधला संच समोरून अख्खा निघतो. तो उतरवून टेबलवर काम करणाऱ्याकडे नेता येतो, गाडी तिथे अडकत नाही. तो चांगलाच जड असतो. बोल्ट काढताना खाली जॅक धरून ठेवा. ज्या गाडीत मागचं झाकण काढून आतच काम करावं लागतं, ती मात्र सरळ गॅरेजात न्या.

उघडताना

एकही बोल्ट सोडण्याआधी जुन्या संचाचा प्ले, म्हणजे दातांमधला मोकळेपणा, डायल गेजने मोजून लिहून ठेवा आणि दातांवरच्या घासणीचा फोटो काढा. जुना संच शांत चालत असेल तर हा तुमचा नकाशा आहे.

केज धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कॅपवर पंचने खुणा करा, डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. या कॅप हाऊसिंगसोबत एकत्र बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली किंवा उलटी बसली तर बेअरिंग गोल राहत नाही. पिनियनच्या डोक्याखालून निघालेली शिम मायक्रोमीटरने मोजा आणि जपून ठेवा. नव्या पिनियनची सुरुवात तिथूनच होते.

हाऊसिंग डिझेलने धुवा, कपड्याने पुसा, पुन्हा धुवा. एका गॅरेजमध्ये तळाशी चिकटलेला लोखंडाचा भुगा तसाच ठेवून नवा संच चढवताना मी पाहिलं आहे. तो भुगा पहिल्याच फेरीत तेलासोबत नव्या बेअरिंगमध्ये जातो.

सेटिंग, म्हणजे खरं काम

क्राऊन केजवर बसवताना दोन्ही पृष्ठभाग तेलदगडाने साफ करा, बोल्टना लॉकटाइट लावा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क पान्याने आवळा. काही गाड्यांत हे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, उघडताना जोर लावण्याआधी खात्री करा.

मग पिनियन. त्याची खोली शिमने ठरते. ही शिम चार-पाच वेळा तरी बदलावी लागते, आणि दर वेळी बेअरिंग प्रेसवर काढलं की ते खराब होण्याची भीती. यावर चांगले कारागीर एक युक्ती करतात. जुन्या बेअरिंगचं आतलं भोक किंचित घासून ते हाताने सरकेल असं करून ठेवतात आणि सगळे प्रयोग त्यावर करतात. शिम पक्की झाली की मगच नवं बेअरिंग प्रेसवर बसतं. तुमच्या माणसाकडे असं बेअरिंग पेटीत पडलेलं दिसलं तर योग्य ठिकाणी आला आहात.

क्राऊन आणि पिनियनमधला प्ले, म्हणजे बॅकलॅश, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा तोच अखेरचा. पिनियन धरून ठेवायचा, डायल गेजची सुई क्राऊनच्या दातावर काटकोनात टेकवायची आणि क्राऊन अलगद पुढे-मागे हलवायचं. एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी. चारही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एकीकडे ०.१५ आणि समोर ०.२८ आलं तर क्राऊन वाकडं बसलं आहे, खाली कचरा राहिला आहे. उघडा आणि पुन्हा साफ करा.

आता रंग. याच टप्प्यावर तुम्ही स्वतः टेबलापाशी उभं राहावं. क्राऊनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी पिवळा रंग किंवा प्रशियन ब्लू पातळ लावतात. क्राऊनला लाकडाच्या तुकड्याने थोपवून धरतात, म्हणजे दातांवर थोडा भार येतो, आणि पिनियन पान्याने दोन्ही दिशांना फिरवतात. रंगावर उमटलेला ठसा बॅटरीच्या उजेडात नीट दिसतो: कडेला रंग जसाच्या तसा, मधे लंबगोल जागा पुसून लोखंड चमकतं. तो लंबगोल दाताच्या उंचीच्या मधोमध हवा, वरच्या काठाला किंवा मुळाला चिकटलेला नको.

ठसा दोन्ही बाजूंना दाताच्या मुळाशी खोल गेला असेल तर पिनियन जास्त आत आहे. दोन्ही बाजूंना वरच्या काठावर असेल तर पिनियन जास्त बाहेर आहे. दोन्ही वेळा उपाय पिनियनच्या शिमचा. सुरुवातीला ०.१ मिलिमीटरने बदला, जवळ आल्यावर ०.०५ ने. ठसा दाताच्या आतल्या, अरुंद टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ आहे. बाहेरच्या रुंद टोकाकडे असेल तर लांब. इथे उपाय बाजूच्या नटांचा किंवा बाजूच्या शिमचा, एकीकडे सोडायचं तेवढंच दुसरीकडे आवळायचं. पिनियन हलवला की प्लेही बदलतो, म्हणून दर वेळी दोन्ही पुन्हा मोजायचं. यात अख्खी दुपार जाते आणि जायलाच हवी.

ट्रेलरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. टेबलावर दिसतो तो हलक्या भाराचा ठसा. रस्त्यावर पूर्ण ओझं पडलं की हाऊसिंग आणि केज केसभर लवतात आणि पुढे ओढणाऱ्या बाजूचा ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाकडे सरकतो. म्हणून टेबलावर तो मधे किंवा मधून थोडा आत असलेला चालतो. आधीच बाहेरच्या काठाजवळ असेल तर घाटात सगळा भार दाताच्या कोपऱ्यावर येतो आणि कोपरा उडतो. कारागीर ‘चालतंय’ म्हणाला तरी अशा ठशावर हाऊसिंग बंद करू देऊ नका. त्याला सांगा, "दादा, मागे ट्रेलर असतो, अजून थोडं आत घ्या." जाणता माणूस लगेच समजतो.

शेवटी पिनियनच्या बेअरिंगचा घट्टपणा. ज्यात दाबला जाणारा स्पेसर असतो, त्यात नट आवळत जाल तसा स्पेसर चेपतो. नव्या बेअरिंगसाठी पिनियन फिरवायला लागणारा जोर बऱ्याच पिकअपमध्ये २ ते ३ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, इथेही मॅन्युअल बघायचं. थोडं आवळा, मोजा, पुन्हा थोडं आवळा. आकड्याच्या पुढे गेलात तर नट मागे सोडून भागत नाही, कारण चेपलेला स्पेसर परत फुगत नाही. नवा घालून पहिल्यापासून करायचं. म्हणून स्पेसर दोन आणून ठेवा.

बंद करताना

क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, कारण पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो. म्हणून साधं गिअर ऑइल चालत नाही. जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, सहसा ८०डब्ल्यू-९० किंवा जड कामाला ८५डब्ल्यू-१४०, मॅन्युअल सांगेल ते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल तर त्याचं वेगळं अ‍ॅडिटिव्ह. तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत भरा.

हाऊसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं तोंड, साफ आहे का बघा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि नवी सील तेल फेकते. बोट पाण्यात सोडणाऱ्यांनी आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून जाणाऱ्यांनी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चासीपर्यंत वर न्यावी. गरम अ‍ॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून खाडीचं खारं पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

वेग दाखवणारा काटा तपासा. ज्या गाड्यांत वेगाचा सिग्नल गिअरबॉक्सच्या मागून येतो, त्यांत ३.७३ वरून ४.१० वर गेल्यावर काटा दहा टक्के जास्त दाखवतो आणि किलोमीटरही तितकेच जास्त पडतात. स्पीड गव्हर्नर असेल तर तोही आधीच गाडी अडवेल. गिअरबॉक्समधली छोटी प्लास्टिक गिअर किंवा सिग्नल बदलणारा छोटा बॉक्स लावून हे दुरुस्त होतं. चाकांच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या गाड्यांना हा त्रास नाही.

पहिले ८०० किलोमीटर

गाडी हातात आली की लगेच ट्रेलर लावू नका, मंडपाची तारीख कितीही जवळ असली तरी. पहिल्या दिवशी रिकामी गाडी २५-३० किलोमीटर मध्यम वेगाने चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. हाऊसिंगला हात लावून बघा. कोमट ठीक आहे, हात टेकवताच काढून घ्यावा लागला तर बेअरिंग जास्त आवळले आहेत, परत न्या. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी हेच करा. ठाणे-बेलापूर रोड सकाळी लवकर याला चांगला आहे, वेग कमी-जास्त करता येतो.

कान मागे ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरच रडका सूर येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा बरोबर उलट, तर ठसा चुकला आहे. दोन्ही वेळा सारखी घरघर येत असेल तर बेअरिंग. गिअर टाकताना मागून टक असा आवाज येत असेल तर प्ले जास्त आहे किंवा शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला आहे. ‘चालवून चालवून बसेल’ हे ऐकून घेऊ नका. रडणारे दात चालवून शांत होत नाहीत.

साधारण ८०० किलोमीटरनंतर तेल बदला. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसणं स्वाभाविक आहे. बोटांत टोचणारे तुकडे दिसले तर तेल भरू नका, संच उतरवा.

मग हलका ट्रेलर लावा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर येईल असं सामान लावा. हुक हलका पडला की ट्रेलर मागून डोलायला लागतो, आणि आता गाडीत जोर आहे म्हणून तुम्ही वेगही जास्त ठेवाल. पहिला चढ मुंब्रा बायपासचा घ्या, मग गायमुख, मग कसारा. आधी दुसऱ्यात जिथे चढत होता, तिथे आता तिसरा धरून राहतो का, ते बघा. उतरताना नवं गुणोत्तर इंजिन ब्रेकिंगलाही मदत करतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच करू नका. पाय ब्रेकवर सतत टेकलेला राहत असेल तर अजून एक गिअर खाली या.